यंत्राचें वय आणि विजेचा खर्च



बैलबाजारांत गेलेला जाणता शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगाला भुलत नाहीं. तो आधीं बैलाचा जबडा उघडून दांत पाहतो आणि मग भाव बोलतो. आपण शहरांतील सुशिक्षित माणसें मात्र जुनें घर विकत घेतों, भाड्यानें घेतों, आणि त्याबरोबर आलेल्या एसीचें किंवा गीझरचें वय काय, तो वीज किती खातो, हें विचारीतही नाहीं. वरचें पांढरें कवच पुसून चकचकीत केलेलें असलें कीं आपलें समाधान होतें. पुढें बिल आलें म्हणजे दोष वीजकंपनीला! तेव्हां या यंत्रांचे दांत कसे पाहावे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम वय. प्रत्येक यंत्राच्या अंगावर कोठें तरी एक माहितीची पट्टी चिकटविलेली असते. कित्येकदां तिच्यावर बनावटीचा महिना व वर्ष स्पष्ट छापलेलें असतें. नसलें तर अनुक्रमांक उतरून घ्यावा. पुष्कळ कारखाने त्या क्रमांकांतच वर्ष आणि महिना गुंफतात. परंतु प्रत्येकाची रीत निराळी असल्यामुळें स्वतः तर्क न लढवितां त्या कंपनीच्या सेवाकेंद्राला क्रमांक कळवून विचारणें बरें. एसीच्या खोलींतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही भागांवरील पट्ट्या वाचाव्या. कारण मधेंच एक भाग बदललेला असूं शकतो. पट्टीवर वायूचें नांवही असतें. तें आर-२२ असेल तर यंत्र बहुधा जुन्या पिढीचें आहे असें समजावें. आर-३२ असेल तर तें बरेंच अलीकडचें.

आतां कार्यक्षमता. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ सालचा. त्यान्वयें स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २००६ सालीं ताऱ्यांची योजना सुरूं केली, आणि २०१० पासून खोलीच्या एसीवर तें लेबल सक्तीचें झालें. येथेंच एक मोठी फसगत होते. 'आमचा एसी पांच ताऱ्यांचा आहे' असें आपण अभिमानानें सांगतों. पण कोणत्या सालचे पांच तारे? २०१० सालीं एक वॅट वीज घेऊन ३.१ वॅट उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्राला पांच तारे मिळत. जुलै २०२२ च्या कोष्टकांत स्प्लिट एसीचा पहिला ताराच ३.३ पासून सुरूं होत होता, आणि पांचव्यासाठीं ५ लागत होते. जुनें माप एकाच ठराविक परिस्थितींतलें आणि नवें संबंध हंगामाचें, म्हणून हीं दोन मापें तंतोतंत एक नव्हेत; तरी कल कळावयास एवढें पुरेसें आहे. सारांश, तारे मोजण्यापूर्वीं लेबलवर छापलेला मुदतीचा काळ वाचावा.

याचा खिशाशीं संबंध पाहूं. दीड टनी एसी ताशीं सुमारें ५,२०० वॅटच्या हिशेबानें उष्णता काढतो. अडीचच्या कार्यक्षमतेचें जुनें यंत्र त्यासाठीं २,०८० वॅट वीज ओढील, पांचाचें नवें १,०४० वॅट. लेबलवरील हिशेब वर्षाला १,६०० तास धरून केलेला असतो. तितका वापर असेल तर वर्षाचा फरक सुमारें १,६६० युनिटांचा पडतो. युनिटाला दहा रुपये धरले तर सोळा हजारांहून अधिक. पण ज्या घरांत एसी उन्हाळ्यांत केवळ दीडशें तास चालतो, तेथें हाच फरक दीड हजारावर येतो. अशा घरानें धडधाकट यंत्र टाकून नवें आणणें म्हणजे शहाणपणाच्या नांवाखालीं उधळपट्टीच होय.

कागदावरील आंकडा आजही खरा आहे कीं नाहीं, हेंही घरच्या घरीं पाहतां येतें. घरांतील इतर सर्व उपकरणें बंद करून एसी तेवढा चालूं ठेवावा. मीटरवरील लाल दिवा एका युनिटाला किती वेळां लुकलुकतो हें मीटरवरच छापलेलें असतें. समजा, तो आंकडा ३,२०० आहे आणि एका मिनिटांत दिवा ८० वेळां लुकलुकला. तर ताशीं दीड युनिट वीज जळते. इन्व्हर्टर जातीच्या यंत्राची ओढ सतत बदलते, म्हणून त्याच्यासाठीं तासाभराचें वाचन घ्यावें. मग साधा तापमापक आधीं हवा आंत शिरते तेथें आणि नंतर थंड झोत येतो तेथें धरावा. साधारणपणें आठ ते बारा अंशांचा फरक दिसावा. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत यंत्राची बरीच शक्ति बाष्पाचें पाणी करण्यांत जाते, म्हणून तेथें फरक कमी दिसला तरी घाबरूं नये. फरक अगदींच थोडा असला तर यंत्राला म्हातारें ठरविण्यापूर्वीं त्याची जाळी धुवून पाहावी.

गीझरची गोष्ट वेगळी. त्याची कॉइल नवी असो वा जुनी, घेतलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच करते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें ०.६ युनिट लागणारच. गीझरचे तारे मोजतात तें तापलेलें पाणी नुसतें उभें असतां किती उष्णता गमावतें यावरून. म्हणून गीझर तापवून बंद करावा आणि पांच-सहा तासांनीं तोटी सोडावी. पाणी चांगलें ऊन असलें तर आंतील आवरण शाबूत आहे. कोमट झालें असलें तर तें निकामी होत आलें आहे. आणि गीझर दिवसभर चालूं ठेवण्याच्या संवयीला कोणताही तारा वाचवूं शकत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नवा एसी घेतला कीं जुना आपण भाड्याच्या खोलींत बसवितों, किंवा घरीं कामाला येणाऱ्या बाईंना 'घेऊन जा' म्हणून देतों. देणाऱ्याला औदार्याचें समाधान मिळतें, आणि दुप्पट बिल भरतो तो ज्याला तें सर्वांत कमी परवडतें. असें दान द्यावयाचें तर आधीं त्याचा ताशीं खर्च मोजून खरा आंकडा सांगावा. तो सांगण्याची लाज वाटली, तर यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावें. मात्र नळी कापून आंतला वायु हवेंत सोडूं देऊं नये. आर-२२ ओझोनच्या थराला अपाय करतो, आणि वातावरण तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,८०० पट प्रबळ आहे.

तेव्हां उद्यां सकाळीं स्टुलावर चढा, चष्मा लावा आणि ती पट्टी वाचा.