शेवट कसा असावा



मी सातवी शिकलेली. पण लेकीमुळे पियानो ऐकायची गोडी लागली. पोलंडच्या शोपँचं १८३६ साली छापलेलं पहिलं 'बॅलड' माझं लाडकं. गोष्ट सांगावी तसं संथ सुरू होतं नि शेवटी वादळासारखं कोसळतं. हंगेरीच्या लिस्टचा १८५३ सालचा बी मायनर सोनाटा मात्र हलकेच संपतो. शेवटी खालच्या पट्टीतला एकच सूर. त्यानं आधी दणदणीत शेवट लिहिला होता, तो स्वतःच खोडला!

हे कळलं त्या दिवशी जावेशी माझं भांडण झालं होतं. शेवटचा शब्द माझाच. पण झोप येईना. सकाळी मीच चहा घेऊन तिच्याकडे गेले.

वादळ मला आजही आवडतं, पण ते पियानोवर. घरात लिस्टचाच शेवट बरा. एवढं सांगून मीही हळूच थांबते.