दोन दिवसांत एक कोडे

श्रोतेहो, नदीकाठच्या शेतकऱ्याचे कोडे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. बरोबर एक वाघ, एक शेळी आणि गवताचा एक भारा. होडी इवलीशी, स्वतःबरोबर एका वेळी एकच नेता येते. वाघ आणि शेळी मागे राहिली तर शेळी जाते. शेळी आणि गवत मागे राहिले तर गवत जाते. सगळ्यांना पैलतीरी न्यायचं कसं? हे कोडे सोडवण्यात गंमत आहे खरी. पण आज मला बोलायचे आहे ते कोडे सोडवण्याविषयी नव्हे, कोडे रचण्याविषयी.

हल्ली जगभर 'गेम जॅम' नावाचा एक प्रकार चालतो. जॅम म्हणजे इथे पावाला लावायचा मुरंबा नव्हे. वादक मंडळी आधी काही न ठरवता एकत्र बसतात आणि सुचेल तसे वाजवतात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. तसेच हे खेळ रचणारे. एक विषय दिला जातो, ठरावीक वेळ दिला जातो, बहुधा ४८ तासांचा, आणि तेवढ्या वेळात संगणकावरचा एक नवा खेळ पुरा करायचा. लुडुम डारे ही अशी स्पर्धा २००२ साली सुरू झाली. जानेवारी २००९ मध्ये 'ग्लोबल गेम जॅम' पहिल्यांदा भरला, तेव्हाच २३ देशांतल्या ५३ ठिकाणी लोक एकाच वेळी खेळ रचायला बसले होते.

आता कोणी म्हणेल, दोन दिवसांत काय होणार? तर ऐका. २०१७ साली नॉर्डिक गेम जॅममध्ये 'तिथे नाही' असा विषय निघाला. फिनलंडच्या आर्वी तेइकारी या तरुणाने त्यातला 'नाही' हा शब्द पकडला. तापलेल्या लाव्हारसात बर्फ पडला तर तो वितळणारच. पण 'बर्फ वितळत नाही' असा नियमच कोणी मांडला तर? त्याने नियमांचे शब्द ठोकळ्यांवर लिहिले आणि ठोकळे पटावर ठेवून दिले. 'भिंत अडवते' या वाक्यातला एक ठोकळा बाजूला ढकलला, की भिंत अडवायची थांबते! त्या छोट्या खेळाला पहिले बक्षीस मिळाले. मग दोन वर्षे खपून त्याने तो वाढवला आणि मार्च २०१९ मध्ये 'बाबा इज यू' या नावाने तो बाहेर आला. दोन दिवसांत बी रुजले. झाड व्हायला दोन वर्षे लागली.

अशा खेळाचे मर्म कशात असते? चित्रांत नाही, आवाजांत नाही. एका साध्या नियमात असते. जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली 'सोकोबान' नावाचा खेळ केला. सोकोबान म्हणजे गोदामाचा रखवालदार. चौकटींचे गोदाम आहे, त्यात खोकी आहेत, आणि ती ठरलेल्या जागी न्यायची आहेत. नियम एवढाच की खोके ढकलता येते, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच ढकलायचे. बस्स! पण पाहा, खोके एकदा कोपऱ्यात गेले की ते तिथून कधीच निघत नाही. 'कोपऱ्यापासून जपा' असे नियमात कुठेही लिहिलेले नाही. ते नियमातून आपोआप निघाले. खेळणाऱ्याला ते स्वतः उमगते, आणि त्या उमगण्यातच सगळा आनंद आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे आपल्या वर्गात करता येईल. त्याला संगणक लागतोच असे नाही. चौकटीचा कागद, खोक्यांच्या जागी चिंचोके आणि माणसाच्या जागी एक खडा एवढे पुरे. दोन दिवसांची मुदत द्या. पहिल्या दिवशी मुलांनी एकच नियम ठरवावा. मुले दहा नियम आणतील. नऊ बाजूला ठेवायला लावा. दुसऱ्या दिवशी तीन पट रचायचे : पहिल्यात नियम कळावा, दुसऱ्यात त्या नियमातली अडचण कळावी, तिसऱ्यात तिच्यावर मात करावी लागावी.

पट रचण्याची एक युक्ती सांगतो. शेवटापासून सुरुवात करा. चिंचोके आधी मुक्कामाच्या जागी ठेवा, आणि खड्याने एकेक घर मागे ओढत आणा. ओढण्याची प्रत्येक चाल उलटी केली की ती ढकलण्याची चाल होते. म्हणजे असा पट सुटणार हे नक्की. शाळेत संगणक असेल तर पुढची पायरी आहे. स्टीफन लाव्हेल यांनी २०१३ साली केलेले 'पझलस्क्रिप्ट' हे साधन फुकट मिळते, आणि थोड्या ओळींत असे खेळ त्यात लिहिता येतात.

पट सुटतो की नाही याचा एवढा आग्रह कशाला, असे आपण विचाराल. कारण न सुटणारे कोडे मुलापुढे ठेवले, तर ते मूल कोड्याला दोष देत नाही, स्वतःला देते. 'मला डोकंच नाही' असे मनाशी धरून बसते, आणि ती गाठ पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. म्हणून कोडे रचणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते. शेतकऱ्याचेच कोडे घ्या. शेतकरी, वाघ, शेळी आणि गवत, प्रत्येक जण या काठावर किंवा त्या काठावर. म्हणजे एकूण १६ मांडण्या. त्यांपैकी ६ मांडण्यांत कोणीतरी कोणालातरी खाते. उरल्या १०. त्या फळ्यावर काढा, एका खेपेने जोडल्या जाणाऱ्या मांडण्यांमध्ये रेघ ओढा. वाट डोळ्यांपुढे येते : पहिल्या खेपेला शेळीच न्यावी लागते, परतताना तिला एकदा मागेही आणावे लागते, आणि कमीत कमी ७ खेपांत काम होते. रचणाऱ्याने अशी खात्री करून घ्यावी, मगच कोडे दुसऱ्याला घालावे.

आणि शेवटची परीक्षा. कोडे एका मित्राच्या हाती द्यायचे, समोर बसायचे आणि तोंड मिटून पाहायचे. 'अरे, तसं नाही, असं!' हे म्हणायचे नाही. आम्हां शिकवणाऱ्यांना हे फार जड जाते. पण मित्र जिथे अडतो, तिथे त्याला बोल न लावता पट सुधारायचा असतो. हे ज्या मुलाला जमले, ते दुसऱ्याच्या मनात शिरून पाहायला शिकले.

मोबाइलवरचे खेळ आज खेड्यापाड्यांत पोचले आहेत. ते बंद करा म्हणून ओरडून फारसे साधत नाही. पण आपली मुले कायम दुसऱ्याने घातलेल्या नियमांतच खेळत राहणार का? एकदा तरी नियम घालणाऱ्याच्या जागी त्यांना बसवू या. येत्या सुट्टीत दोन दिवस काढा. मूठभर चिंचोके तर घरोघरी असतातच.