सुटी झाल्यानंतरचं कोण देणार?

विमा प्रतिनिधी बंधू-भगिनींनो,

  

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. घेतो. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विम्यातली ६५ वर्षांची अट निघाली. आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ४ वर्षं होती, ती ३ वर आली. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं कवच मिळालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. चांगलं झालं. आढावा संपला. आता ज्यासाठी इतकी वर्षं माइकची वाट पाहिली, ते बोलतो.

सकाळपासून पडद्यावर तक्ते पाहतोय. सरकारी कंपनी बरी की खासगी? दावे निकाली काढण्यात कोण पुढे? रूम रेंटची मर्यादा कुणाची, को-पे कुणाचा? तरुण मित्रांनी मेहनत घेतली, पण त्या तक्त्यातली सगळ्यात मोठी ओळ कुणीच लिहिलेली नाही. दावे निकाली काढण्याचं प्रमाण दाव्यांच्या संख्येवर निघतं. एक लाखाच्या बिलावर साठ हजार दिले तरी तो दावा 'निकाली' धरला जातो. म्हणून त्या आकड्यावर भांडू नका. पण मला म्हणायचंय ते याहून पुढचं आहे.

पुलगावकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझे ग्राहक. पॉलिसी घेण्याआधी त्यांनी वहीत रकाने पाडून कंपन्यांची तुलना केली होती. पुढे त्यांच्या पत्नीला लकवा मारला. दवाखान्याचं सगळं बिल कॅशलेस निघालं, रुपयाही कापला गेला नाही. तुमच्या तक्त्यात ती कंपनी पहिली येईल. मग सुटी झाली आणि बाई घरी आल्या त्या नाकात नळी, लघवीची पिशवी आणि अर्धं अंग निर्जीव घेऊन. त्यापुढची काही वर्षं त्या खाटेवरच होत्या. सुनेने शाळेतली नोकरी सोडली. एक दिवस ती फाईल घेऊन माझ्याकडे आली. फाईलमध्ये सेवेला ठेवलेल्या मावशीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, डायपर, हवेच्या गादीचं भाडं, फिजिओथेरपीच्या पावत्या. म्हणाली, "काकाजी, पॉलिसी तं चालू हाय ना? मग हे कोण देईन?"

मी कागद पाठवले. एका ओळीचं उत्तर आलं: एक्सक्लूजन झिरो फाइव्ह.

मित्रांनो, हे कलम तुमच्यापैकी किती जणांनी ग्राहकाला वाचून दाखवलंय? विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांपैकी ते एक आहे. आंघोळ घालणं, कपडे चढवणं, उठवणं-बसवणं अशी वैयक्तिक शुश्रूषा, घरी असो की संस्थेत, प्रशिक्षित नर्सने केली तरी तिचा खर्च मिळणार नाही. सुटीनंतरचे ६० किंवा ९० दिवस मिळतात ते औषधपाण्याचे. आयुष्मानमध्ये तर ते १५ दिवसच. 'घरी उपचार' म्हणून जे कलम दाखवून आपण पॉलिसी विकतो, ते रुग्णाला हलवता येत नसेल किंवा दवाखान्यात जागा नसेल तेव्हाचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नाही.

कुणी म्हणालं, त्यासाठी गंभीर आजारांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी आहे. आहे ना! पण लकव्यात किमान ३ महिने टिकलेलं अपंगत्व सिद्ध करावं लागतं. न्हाणीत पडून खुबा मोडलेली आजी त्या यादीत बसतच नाही. आणि एकरकमी ५ लाख मिळाले, तरी मावशीचे रोजचे ५०० धरले तर वर्षाला १,८२,५०० होतात. पैसे पावणेतीन वर्षांत संपतात, आई असते.

दुसरे मित्र म्हणाले, अमेरिकेकडे पाहा. माझ्या एका ग्राहकाच्या न्यू जर्सीतल्या मुलाने तिथली पॉलिसी आणून दाखवली होती. तिथे खरोखर दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मिळतो. आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठणं-बसणं, शौच-लघवीवर ताबा या ६ पैकी २ गोष्टी जमेनात की हक्क लागू, बहुधा ९० दिवसांच्या प्रतीक्षेनंतर. पण कंपन्यांचं गणित चुकलं. लोक अंदाजापेक्षा जास्त जगले, पॉलिसी सोडेनात, व्याजदर उतरले. मग म्हाताऱ्या ग्राहकांचेच हप्ते वाढवले. पेन ट्रीटी नावाची कंपनी तर २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळावी लागली. जपानने १ एप्रिल २००० पासून ही सोय चाळिशीपुढच्या सगळ्यांना सक्तीची केली; जर्मनीने अशी सक्ती १९९५ मध्येच आणली. ज्याला भीती वाटते तोच विकत घेतो, तिथे विमा टिकत नाही. सगळे मिळून भरतात, तिथे टिकतो.

आणि हे शिकायला टोकियोला कशाला जायचं? इथे वर्ध्याजवळच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजूंनी ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीत ज्याची जशी जमीन तशी ज्वारी, आणि गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना लागू. त्यात दलाल नव्हता, म्हणून आपल्या प्रशिक्षणात त्याचं नाव कधी निघालं नाही. शुश्रूषेचा धडाही इथलाच: कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमांची गांधीजींनी स्वतः शुश्रूषा केली ती सेवाग्रामातच, आणि मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभारलं ते १९३६ मध्ये. एका हाताला सावंगीचं रुग्णालय, दुसऱ्या हाताला सेवाग्रामचं. उपचारांना इथे तोटा नाही. तोटा आहे तो सुटीनंतर. ते ओझं आजही सुना-लेकींच्या पाठीवर आहे, आणि त्यांच्या पाठीचा हप्ता कुठलीच कंपनी मोजत नाही.

आता कामं. नियामकाकडे एक निवेदन पाठवायचं: झिरो फाइव्हचं ओझं उचलणारी पुरवणी तरी काढा. मसुदा कुणीतरी करावा; मी वाचून देईन. बचत गटांना धरून एका गावात ज्वारीच्या धर्तीवर काही करता येईल का, तेही पाहायचं. कोणतं गाव, ते नंतर ठरवू. मावशींच्या प्रशिक्षणाचंही डोक्यात आहे.

पण एका कामाला ना समिती लागते ना पैसा. उद्यापासून तुमच्या तक्त्यात शेवटची एक ओळ वाढवा: 'सुटीनंतरची शुश्रूषा'. प्रत्येक कंपनीच्या रकान्यात शून्य लिहा आणि ग्राहकाची सही घेण्याआधी ते त्याला दाखवा. हे दाखवायची हिंमत नसेल, तर आरोग्य विमा विकताना 'म्हातारपणाची सोय झाली' हे वाक्य तोंडातून काढू नका.