बोलायचं कसं, पुढं व्हायचं कसं

(सोलापुरात विद्यार्थ्यांसमोर दिलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे दिवसभर कोड लिहिणं. प्रत्यक्षात बराच वेळ बोलण्यात जातो. बऱ्याच कंपन्यांत सकाळी पंधरा मिनिटांची एक बैठक असते. त्यात प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि काम कुठं अडलंय. पहिल्या दोन गोष्टी सगळेच सांगतात. तिसरी सांगताना नव्या मुलांची जीभ अडखळते. 'अडलंय' म्हटलं तर याला काही येत नाही असं वाटेल, ही भीती. आपल्या मुलामुलींच्या मनात आणखी एक भीती असते. आपल्या मराठीला कुणी हसेल, नाव ऐकून कुणी काही ठरवेल. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

या गप्प बसण्याची किंमत किती, ते एका उदाहरणानं पाहू. तुमचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कॉलेजच्या पातळीवर अडकलाय. शेवटची तारीख जवळ आलीय. चार विद्यार्थी चार तऱ्हेनं वागतात.

पहिला खिडकीपर्यंत जातो, गर्दी बघतो आणि परत येतो. 'नशिबात असेल तर मिळेल,' म्हणतो. हे दबून बोलणं. किंबहुना न बोलणंच.

दुसरा खिडकीवर हात आपटतो. 'तुम्ही मुद्दाम करताय!' क्लार्कही चिडतो. आता भांडण आवाजाचं होतं आणि अर्ज बाजूला राहतो.

तिसरा समोर 'हो सर' म्हणतो आणि रात्री व्हॉट्सॲप स्टेटसला टोमणा टाकतो. स्टेटस शंभर मित्र बघतात. ज्यानं अर्ज पुढं पाठवायचा, तो मात्र बघत नाही.

चौथी म्हणते, 'सर, मी १२ तारखेला अर्ज भरलाय. अजून कॉलेजकडे प्रलंबित दिसतोय. ३० ही शेवटची तारीख आहे. कोणता कागद कमी आहे ते सांगा, मी उद्या आणून देते.'

याला ठाम बोलणं म्हणतात. यात विनवणी नाही आणि शिवीही नाही. काय झालं, कधी झालं, काय व्हायला हवं आणि मी काय करीन, एवढंच आहे. आमच्याकडे सॉफ्टवेअरमधला बिघाड कळवायची रीत अशीच असते. 'तुमचं ॲप बेकार आहे' असं कुणी कळवलं तर आम्हाला काही दुरुस्त करता येत नाही. 'या पानावर हे बटण दाबलं, हे व्हायला हवं होतं, हे झालं' असं कळवलं की काम सुरू होतं.

पण ही चौथी मुलगी अजून लीडर झालेली नाही. तिनं स्वतःचं काम नीट केलं. लीडरशिप सुरू होते ती वर्गात परत आल्यावर, जेव्हा ती विचारते, 'अजून कुणाकुणाचे अर्ज अडकलेत?' समजा चौदा नावं निघाली. ती प्रत्येकाचं ऐकून घेते. ऐकताना कळतं की नऊ जणांचे अर्ज कॉलेजकडे आहेत, तिघांचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही आणि दोघांचे उत्पन्नाचे दाखले जुने आहेत. म्हणजे चौदा तक्रारी, पण कारणं तीन. पाच जणांचं काम बँकेत आणि सेतूत आहे, कॉलेजशी भांडून ते होणार नाही. उरलेल्या नऊ जणांची यादी घेऊन ती ऑफिसात जाते. आधी ऐकलं नसतं, तर चौदा जणांचा मोर्चा चुकीच्या दारात उभा राहिला असता.

तुम्ही म्हणाल, समोरच्याच्या मनातच अढी असेल तर? नाव बघूनच तो टाळत असेल तर? असं घडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी गोड बोलणं पुरत नाही आणि ओरडण्यानं त्याला निमित्त मिळतं. तिथं कागद लागतो. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन पोहोच ठेवा. उत्तर आलं नाही तर तोच कागद घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे जा. एकट्यानं जाऊ नका. वर्गातला एखादा स्वामी, एखादा कांबळे, एखादी बोल्ली सोबत असू द्या. त्यांचेही अर्ज अडकलेले असतातच.

हे सोलापूरला नवीन नाही. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे नाव आपल्याला माहीत आहे. गिरणी कामगारांमध्ये वावरणारा हा तरुण 'गझनफर' हे पत्र चालवत होता. गझनफर म्हणजे सिंह. त्यानं आपलं म्हणणं छापून, संपादक म्हणून जबाबदारी घेऊन मांडलं. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्याला मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासोबत फाशी झाली. ही चार नावं एकापाठोपाठ एक मोठ्यानं वाचा. सोबत कुणाला घ्यायचं, याचं उत्तर त्यातच आहे.

आणि आपल्या मराठीची लाज? पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच शहरात भरलं. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांनी संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि मराठीतून आयुष्यभर लिहिलं. आपण घरात दखनी बोलतो, शेजारी कन्नड किंवा तेलुगू ऐकतो, बाजारात मराठी, वर्गात इंग्रजी. समोरचा माणूस बघून भाषा बदलायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. संवादाचं निम्मं कौशल्य तेच आहे. उच्चार थोडा वेगळा निघाला तर निघू द्या, मुद्दा पोहोचला पाहिजे.

या आठवड्यात एवढं करा. वर्गात एक प्रश्न उभं राहून विचारा. अडलेलं एक काम चार वाक्यांत कागदावर लिहा: काय झालं, कधी झालं, काय हवं, मी काय करणार. तो कागद योग्य माणसाच्या हातात द्या आणि पोहोच घ्या. मग शेजारच्या बाकावरच्याला विचारा, 'तुझं काय अडलंय?' आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.