फसलेल्या उपक्रमाला बक्षीस



जौनपूरबद्दल बोलतो.

उत्तर प्रदेशातला हा जिल्हा. २००५-०६च्या सुमारास आपल्या मुंबईत जन्मलेली ‘प्रथम’ ही संस्था आणि काही अर्थशास्त्रज्ञ तिथल्या २८० गावांत उतरले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (२०१९चे नोबेलवाले) त्यांत होते, ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जीही होत्या. गावच्या शिक्षण समितीचे अधिकार गावाला समजावले, मुलं कितपत वाचतात हे गावकऱ्यांनाच तपासायला लावलं, की गाव शाळेला जाब विचारेल, अशी अटकळ. समित्यांची तऱ्हा अशी, की काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं!

कुठल्या गावात काय करायचं, ते सोडतीनं ठरलं. काही ठिकाणी नुसत्या सभा, काही ठिकाणी सभा आणि वाचनचाचणी, काही ठिकाणी त्याखेरीज गावातल्याच तरुणांना शिकवण्याचं प्रशिक्षण. आणि काही गावांत काहीच नाही. हे शेवटचं मला टोचतं. पोराला ‘क’ ओळखता येत नाही, पण सोडतीत गावाचं नाव निघालं नाही, म्हणून पुढे निघून जायचं? पण ती गावं नसती, तर सुधारणा आपल्यामुळे झाली की पोरं वर्षानं मोठी झाली म्हणून, हे कळलं कसं असतं? मी सोडतीच्या बाजूचा आहे. टोचणी मात्र गेलेली नाही.

निकाल आला. सभा भरल्या, चर्चा झडल्या, शाळा जागच्या जागी. फरक पडला तो तरुणांच्या वाचनवर्गांत बसलेल्या मुलांत. अक्षरओळखही नसलेली पोरं निदान अक्षरं वाचू लागली. पण वर्गाला येणारी मुलं थोडीच होती, हेही संशोधकांनी नोंदवलं आणि २०१०मध्ये सगळं छापलं. लोकसहभागावर उभी असलेली संस्था ‘सभांनी काही साधलं नाही’ हे स्वतःच्या नावानिशी सांगते, त्याला छाती लागते.

बीएडच्या भावी गुरुजनांनो, आता तुमचं कृतिसंशोधन. अशा फायली माझ्याकडे बऱ्याच येतात. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, रंगीत आलेख आणि निष्कर्ष: ‘उपक्रम परिणामकारक ठरला.’ सगळेच ठरतात! गुण जातील, सरावशाळेचे मुख्याध्यापक नाराज होतील, ही भीती मला समजते. म्हणून तुमच्या प्राचार्यांना जाहीर विनंती: पुढच्या वर्षी, नीट मोजलेल्या आणि साफ फसलेल्या उपक्रमाच्या अहवालाला एक बक्षीस ठेवा. रक्कम माझ्याकडून. परीक्षकांत मात्र त्या शाळेतल्या मुलांचा एक तरी पालक हवा, आणि त्याला कळेल अशा भाषेत अहवाल आधी वाचून दाखवायचा.