मासा नदीत सोडू नका
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझ्या हॉलमधली माशांची टाकी तुम्ही पाहिली आहे. मुलं विचारतात, ‘आजोबा, हा कुठला परदेशी मासा?’ परदेशी नव्हे, हा कॅनरा सिक्लिड. कर्नाटकातल्या नेत्रावती नदीकडचा, केरळच्या करीमीनचा भाऊबंद, आणि दुर्मिळ. नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी चढत होतं. नातू म्हणाला, ‘आजोबा, नदीत सोडू या, जगतील तरी.’ क्षणभर मलाही पटलं. मग बाजारातली चिलापी आठवली. तीही सिक्लिडच, मूळची आफ्रिकेची. तिची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणली. मादी अंडी तोंडात जपते, वंश भराभर वाढतो, देशी माशांचं खाणं आणि जागा जाते. नदीत सोडलेला मासा म्हणजे वसुली नसलेलं कर्ज!

रस्ता बंद व्हायच्या आत मासे बादलीत घेऊन साताऱ्याला बहिणीकडे गेलो. एक वाटेतच गेला. त्याची हळहळ अजून आहे, पण निर्णय चुकला असं वाटत नाही.

तेव्हा एकच विनंती. टाकी बंद करायची झाली तर मासे मला आणून द्या. कृष्णेत सोडू नका.