दूर बसून एक आराखडा



घर, बंधारा किंवा साधे बाकडे करायचे म्हटले, म्हणजे आधी त्याचा आराखडा करावा लागतो. वास्तुकलेच्या महाविद्यालयात यासाठी निराळा वर्ग असतो. त्याला स्टुडिओ म्हणतात. तेथे व्याख्यान थोडे आणि काम फार. चारपाच विद्यार्थी एका मेजाभोवती बसतात, एक रेघ ओढतो, दुसरा ती खोडतो, आणि शिक्षक फिरत फिरत विचारतात, "अरे, असे का?"

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी झाली आणि हे मेजच उठले. मुले आपापल्या गावी, शिक्षक फोनच्या पडद्यावर. अशा वेळी सहज घडते ते हे, की शिक्षक एकटेच बोलतात, चांगला फोन असलेला मुलगा काम करतो आणि बाकीचे पाहत राहतात.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या कॉलेजची ही कथा आम्हांला कशाला? तर दूर बसून एकत्र विचार करण्याचा धडा आपल्या नगर जिल्ह्याने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, फार पूर्वीच गिरवला आहे. 1956 साली पुणे नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवली. त्यांत आपला जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपला की खरे काम सुरू व्हायचे. मंडळी आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे पोचून त्यांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमांत येत. नुसते ऐकणे आणि चर्चा करणे यांतला फरक तेव्हा दिसून आला. 1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

तीच रीत आज शाळेत वापरता येईल. समजा, शाळेच्या छपराचे पावसाचे पाणी साठवायचे आहे. छप्पर 10 मीटर लांब, 6 मीटर रुंद; म्हणजे 60 चौरस मीटर. त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 600 लिटर पाणी. थोडे उडून-सांडून जाईल, ते वजा धरा. आता टाकी केवढी, कोठे, आणि तोटी किती उंचीवर?

वेगवेगळ्या वस्त्यांवरच्या चार मुलांचा एक गट करा. एकाने माप घ्यावे, एकाने चित्र काढावे, एकाने गवंडीदादांना खर्च विचारावा, एकाने घरी पाणी भरणाऱ्या आईला आणि आजीला विचारून यावे. कागदाचा फोटो एकमेकांना पाठवावा. ज्याच्या घरी तसा फोन नाही, त्याने साध्या फोनवर बोलावे किंवा कागद शेजाऱ्याहाती धाडावा.

नियम तीनच. चित्र काढणाऱ्याने आधी गप्प बसावे; त्यातून काय समजले, ते इतरांनी सांगावे. दर आठवड्याला पेन्सिल दुसऱ्याच्या हाती जावी. आणि गुरुजींनी, बाईंनी शेवटी बोलावे. तुम्ही आधी उत्तर दिलेत, की मुलांचा विचार तेथेच थांबतो.

हा नुसता चित्रकलेचा तास नव्हे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पाऊस बेताचाच. तेथे गाव मिळून वर्षाच्या पाण्याचा हिशेब मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. असा हिशेब एकट्याने होत नाही. बांधावरचा, पाणवठ्यावरचा आणि खर्च सोसणारा, अशा तिघांचे ऐकावे लागते. पाहिले तर टाकीची तोटी फार उंच बसवली, हे पहिलीतली मुलगीच सांगू शकते. तिला विचारले नाही, तर सिमेंट वाळल्यावर ते कळते, आणि मग पैसे पुन्हा खर्च होतात.

तेव्हा या पावसाळ्याआधी एक छप्पर मोजायला द्या. मुले दूर असोत की जवळ, कागद एक ठेवा आणि हात चार.